रग्बी लीगचं (एनआरएल) वेळापत्रक आपण नव्यानं बसवायचं म्हटलं तर?

पंच_अंबाजोगाई

कबड्डीच्या भाग्यपत्रिका काढता काढता केस पांढरे झाले, आता कुठलंही वेळापत्रक समोर आलं की त्यातला घोळ आधी दिसतो. सध्या ऑस्ट्रेलियातली एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) बघायलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका बाजूनं १३ गडी, सहा टॅकलच्या आत काय करायचं ते करा नाहीतर बॉल समोरच्याला द्या. कबड्डी बघणाऱ्या माणसाला दहा मिनिटात कळतंय, क्रिकेटवाल्यांना जरा वेळ लागतो.

तर टीम आहेत १७. विषम आकडा, म्हणजे दर आठवड्याला कुणाला तरी पुढे चाल (बाय) द्यावीच लागती. प्रत्येकाच्या २४ मॅच अन् ३ बाय, असे २७ राउंड. बाय मिळाली की फुकट २ पॉइंट. सगळ्यांनाच तीनदा मिळतात म्हणून शेवटी हिशोब बरोबर बसतो, पण जूनमध्ये गुणतालिका उघडली तर कोण खेळून वर गेलंय अन् कोण झोपून, काही कळत नाही.

खरा घोळ पुढं आहे. समोर टीम १६ अन् मॅच २४, म्हणजे आठ जणांशी दोनदा अन् आठ जणांशी एकदाच. कोणते आठ दोनदा, हे डर्बी (शेजारी वैऱ्यांच्या मॅच) अन् टीव्हीचं गणित बघून ठरतं. एकाच्या वाट्याला दोन-दोनदा तगडे येतात, दुसऱ्याच्या वाट्याला मऊ, अन् शेवटी टॉप आठमध्ये (म्हणजे बाद फेरीत) कोण हे एका-दोन पॉइंटवर ठरतं.

ह्या सगळ्याच्या वर स्टेट ऑफ ओरिजिन. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड, तीन मॅच, मे अखेर ते जुलै, बुधवारी रात्री (आपल्याकडं दुपारी साडेतीन), सीझन चालू असतानाच. क्लबचे चांगले गडी राज्याकडून खेळायला जातात, क्लब इकडं राखीव पोरं घेऊन उतरतो अन् ती मॅच हरली तरी तेवढीच मोजली जाते. ज्यानं चांगली टीम बांधली त्यालाच दंड, हे कुठलं शहाणपण.

२०२७ ला पर्थ बेअर्स येणार, १८ टीम होतील. माझं म्हणणं असं, सहा-सहाचे तीन गट करा. गटातल्या पाच जणांशी दोनदा म्हणजे १०, बाहेरच्या बारांशी एकदा म्हणजे १२, झाल्या २२. आकडा सम त्यामुळं सक्तीची बाय गेली. ओरिजिनचे तीन आठवडे क्लबची एकही मॅच नाही. २२ अधिक ३, पंचवीस आठवड्यात काम फत्ते. एकूण मॅच १९८, आत्ता २०४ होतात, म्हणजे टीव्हीवाल्यांच्या फक्त ६ गेल्या. अन् ओरिजिनचा गडी आज २७ मॅचपर्यंत जातो तो २५ वर आला.

फोडा आता हे कुणीतरी.

बीड_बायपास

सर हे २०२५ ला मुंबईत झालं ते रग्बी प्रीमियर लीग का? त्यात तर सात-सातच होते

पंच_अंबाजोगाई

ते सेव्हन्स, रग्बी युनियनचं छोटं रूप. हे घराणं वेगळं. ह्यात स्क्रम (दोन्हीकडच्या गड्यांची रेटारेटी) नावाला असतो अन् टॅकल झाला की गडी उठून बॉल पायानं मागं सरकवतो, ढीग लागत नाही. बघ एकदा, सोडणार नाहीस.

लातूर_पॅटर्न

आयपीएलमध्ये पण हेच आहे की. १० टीम १४ मॅच, पाच जणांशी दोनदा, चार जणांशी एकदा. कुणी बोंबलत नाही कारण गट आधी जाहीर असतात, कुणाशी दोनदा खेळायचं ते नियमानं ठरतं. सगळं समान करायच्या नादाला लागूच नये असं माझं मत, १७-१८ टीम म्हटल्यावर समान फक्त दोन आकडे आहेत, एकेकदा नाहीतर दोन-दोनदा. १८ टीमला म्हणजे १७ किंवा ३४. सतरात धंदा होत नाही अन् चौतीसमध्ये गडी उरत नाहीत. असमान राहणारच, फक्त ते कुणाच्या मर्जीवर नको. अमेरिकेत एनएफएलला (तिकडच्या फुटबॉलची लीग) १७ मॅच आहेत अन् कोण कुणाशी हे फॉर्म्युल्यानं निघतं, कागद-पेन घेऊन आपण घरी काढू शकतो. हे एनआरएलवाले का करत नाहीत?

पंच_अंबाजोगाई

कामून तर ज्याच्या हातात मर्जी आहे तो ती सोडत नसतो. तालुक्याला बघत नाही का, चिठ्ठ्या टाकायच्या आधीच कुणाची कुठं पडणार ते ठरलेलं असतं 😄

उदगीर_टू_ब्रिस्बेन

सर नमस्कार, मी मूळ उदगीरचा, सध्या ब्रिस्बेन. धागा बघून राहवलं नाही.

ओरिजिनला वेगळा वीकेंड हे इथं करून झालंय. २०१८ ला दुसरी मॅच रविवारी ठेवली, त्या वीकेंडला क्लबच्या मॅच नाहीत, बाकी देशांच्या मॅच लावल्या. नंतर ते गुंडाळलं, २०२३ पासून तिन्ही परत बुधवारी. आणि २०२० ला कोविडमुळं तर वेगळंच झालं, सीझन मध्येच थांबला, २८ मे ला परत सुरू झाला, २० राउंडचा केला आणि ओरिजिनच्या तिन्ही मॅच ग्रँड फायनल झाल्यावर नोव्हेंबरमध्ये लागोपाठ तीन बुधवारी. म्हणजे शेवटी नेणं शक्य आहे हे सिद्ध झालंय, तरी पुढच्या वर्षी पुन्हा जून-जुलैला आणलं. कारण बुधवार. इथं ओरिजिनच्या बुधवारी सनकॉर्प स्टेडियमच्या बाजूची कॅक्स्टन स्ट्रीट दुपारपासूनच क्वीन्सलँडच्या मरून रंगानं भरते, ऑफिसात चार वाजल्यानंतर मीटिंग लावणाऱ्याकडं लोक वेड्यासारखं बघतात, आणि गुरुवारी सकाळी अर्धा फ्लोअर रिकामा. आठवड्याच्या मधोमध बाकी काहीच नसतं म्हणून सगळा देश तेच बघतो, रविवारी तेवढा एकटेपणा मिळत नाही. टीव्हीवाले बुधवार सोडणार नाहीत हे धरूनच चाला.

पण तुमचा प्लॅन त्यानं मोडत नाही. मॅच बुधवारीच ठेवा, फक्त त्याच्या आधीचा वीकेंड मोकळा करा. आत्ता काय होतंय की त्या वीकेंडला बऱ्याच टीमना बाय देऊन पाचच मॅच लावतात. आणि बुधवारी ८० मिनिटं मार खाल्लेला गडी शुक्र-शनि-रविवारी परत क्लबसाठी उतरतो, इथं त्याला बॅकिंग अप म्हणतात आणि लोक त्याचं कौतुक करतात, मला तर बघवत नाही.

अजून एक. टीव्हीचे स्लॉट गुरुवारी १, शुक्रवारी २, शनिवारी ३, रविवारी २, झाले ८. सतरा टीमला आठच मॅच लागतात, बरोबर बसतं. अठरा झाल्या की नववी मॅच कुठं? उत्तर पर्थ आहे. ते सिडनीच्या दोन तास मागं, त्यांची रात्री ८ ची मॅच सिडनीत १० ला पडते. तुम्हाला तिकडं संध्याकाळी साडेपाच, चहाबरोबर बघा.

बीड_बायपास

साडेपाचला लाईट असली तर 🙏

जिंतूर_जंक्शन

(आमच्या गावात रेल्वे नाही, नाव फक्त आशेनं ठेवलंय.)

पंच साहेब, तीन गटांपेक्षा सरळ दोन करा ना. मी आत्ता यादी मांडली तर मजाच दिसली. सिडनीच्या टीम मोजा, रूस्टर्स, रॅबिटोज, पँथर्स, ईल्स, बुलडॉग्स, शार्क्स, सी ईगल्स, टायगर्स आणि ड्रॅगन्स (अर्धे वोलोंगाँगचे पण धरू), झाल्या ९. उरलेल्या ब्रॉन्कोज, डॉल्फिन्स, टायटन्स, काउबॉइज, स्टॉर्म, रेडर्स, नाइट्स, वॉरियर्स आणि नवं पर्थ, ह्या पण ९. ताटात वाढून ठेवल्यासारखं आहे. आपसात दोनदा म्हणजे १६, पलीकडच्यांशी एकदा ९, एकूण २५. आणि फायनल सिडनी विरुद्ध बाकी देश. पब्लिक वेडी होईल.

उदगीर_टू_ब्रिस्बेन

भाऊ हे इथं पण खूप जण बोलतात. दिसायला छान पण प्रवास बघा. सिडनीवाल्यांच्या १६ मॅच घरी झोपून, बसनं जायचं बसनं यायचं. आणि दुसऱ्या गटात वॉरियर्स ऑकलंडचे आणि बेअर्स पर्थचे, ह्यांच्यात पाच हजार किलोमीटरच्या वर अंतर, घड्याळात हिवाळ्यात चार तासांचा फरक, आणि ह्यांनी दर वर्षी एकमेकांकडं जायचं. वरून दोन मॅचमध्ये कधी कधी पाचच दिवस मिळतात. वॉरियर्सनी कोविडमध्ये घर सोडून ऑस्ट्रेलियात मुक्काम ठोकला होता, २०२२ च्या जुलैमध्ये परत घरी खेळायला मिळालं, त्यांना अजून किती फिरवायचं.

शिवाय २५ विषम, अर्ध्या टीमला घरची मॅच एक जास्त. परत भांडण.

पंच_अंबाजोगाई

हेच लिहिणार होतो. अन् गटाचं अजून एक दुखणं, क्वीन्सलँडच्या चारही टीम एकाच बाजूला, म्हणजे ओरिजिनच्या आठवड्यात एक बाजू पांगळी अन् दुसरी अर्धी पांगळी.

पाच दिवसाचं पटलं. नियम लिहून टाकू, पर्थ किंवा ऑकलंडला जाऊन आलेल्याला परत आल्यावर सात दिवसाच्या आत मॅच नाही.

जिंतूर_जंक्शन

बरं मग इंग्लंडकडं बघा. तिथली सुपर लीग १९९६ पासून, आणि त्यांनी तेव्हाच अख्खा सीझन हिवाळ्यातून उचलून उन्हाळ्यात नेला. शंभर वर्षांची सवय एका झटक्यात मोडली. (इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे आपली जानेवारी, पण असो, मे महिन्यात दुपारी परभणीत कबड्डी लावणाऱ्या आयोजकांनी यातून काहीतरी घ्यावं.) त्यांच्याकडं बारा टीम होत्या, दोन-दोनदा खेळून २२ झाल्या, तेवढ्यावर थांबायचं ना, तर वर अजून ज्यादा मॅच चिकटवून २७ केल्या.

आणि २०१५ ते २०१८ एक भन्नाट प्रकार. २३ राउंड झाले की टेबल कापायचं. वरचे आठ वेगळे खेळणार, खालचे चार आणि दुसऱ्या डिव्हिजनचे वरचे चार मिळून वेगळे, प्रत्येकी अजून सात मॅच, शेवटी एका मॅचवर वर राहायचं का खाली जायचं, त्याचं नावच मिलियन पाउंड गेम. सुपर एट्स म्हणायचे. मला अजून वाटतंय की हे एनआरएलला चालेल.

लातूर_पॅटर्न

बंद कामून केलं मग?

जिंतूर_जंक्शन

शेवटच्या सात मॅच कुणाशी, कुठं, कधी हे २३ राउंड होईपर्यंत माहीतच नसायचं. सीझन तिकीट काय म्हणून विकणार. गडी पण करार करताना विचारणार ना, पुढच्या वर्षी मी वर असेन का खाली.

पंच_अंबाजोगाई

बाद. पाहुण्याला जेवायला बोलावून तारीख नंतर कळवतो म्हणणं झालं हे.

गोदाकाठची

नांदेडहून. सगळं वाचलं, सर तुमचा प्रस्ताव चांगला आहे पण त्याचं आयुष्य एक वर्षाचं आहे. २०२८ ला पापुआ न्यू गिनीची टीम येतेय. १९ होतील. एकोणीसचे सारखे गट पडतच नाहीत, मूळ संख्या आहे ती. टीव्हीचा आत्ताचा करार पण २०२७ पर्यंतच आहे, म्हणजे मोठा बदल झाला तर २०२८ लाच होणार. त्यामुळं अठरा विसरा, एकोणीसचं बोला.

पंच_अंबाजोगाई

ताई हे बरोबर. मग गट काढून टाकू. १९ टीम, सगळ्यांशी एकेकदा म्हणजे १८. वर सहा घ्या म्हणजे २४ होतात आत्तासारखे. त्या सहात तीन शेजारी कायमचे, अन् तीन मागच्या वर्षीच्या नंबरप्रमाणं. लातूरवाल्याचा फॉर्म्युला पण आला त्यात.

गोदाकाठची

नाही बसत सर. एक्सेलमध्ये टाकून बघितलं, शेवटी एक टीम उरतेच. मला वाटलं माझीच शीट चुकली, मग साधं करून बघितलं. १९ माणसं खोलीत आहेत, प्रत्येकानं बरोब्बर तीन जणांशी हात मिळवायचा. एकूण हात झाले ५७. पण एका हस्तांदोलनाला दोन हात लागतात, ५७ चे निम्मे साडेअठ्ठावीस. अर्धं हस्तांदोलन कसं करणार? म्हणून प्रत्येकाला तीन-तीन कायमचे शेजारी देताच येत नाहीत, कुणीही बसलं तरी. टीम विषम असल्या की प्रत्येकाच्या मॅच सम असाव्याच लागतात. याच कारणानं २३ मॅचचा सीझन पण एकोणीस टीमना अशक्य आहे, तो विचार कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. दोन शेजारी, किंवा चार. तीन नाही.

लातूर_पॅटर्न

ताई 🔥🔥 हे अकरावीला असं शिकवलं असतं तर

पंच_अंबाजोगाई

मानलं. मग २२ वरच या परत. १८ एकेकदा, वर ४. दोन शेजारी कायमचे, दोन नंबरप्रमाणं. ११ घरी ११ बाहेर. ताई आठवडे किती लागतील बघता का?

गोदाकाठची

बघितले. एकूण मॅच २०९. आठवड्याला जास्तीत जास्त ९, त्यामुळं २३ आठवड्यात मावत नाहीत, २४ लागतात. प्रत्येकाच्या वाट्याला २ बाय येतात. २४ पैकी १७ आठवडे भरलेले ९ मॅचचे आणि ७ आठवडे ८ मॅचचे. वर ओरिजिनचे तीन मोकळे. झाले २७.

म्हणजे सीझनची लांबी आहे तेवढीच, टीव्हीला आजच्या २०४ ऐवजी २०९ मॅच, आणि खेळाडूच्या दोन कमी. मी तीनदा तपासलं कारण इतकं सरळ निघेल असं वाटलं नव्हतं.

उदगीर_टू_ब्रिस्बेन

हे भारी आहे. फक्त क्लबवाले एक ओरडतील, घरची मॅच १२ ची ११ झाली, गेटचे पैसे कमी. मॅजिक राउंडला (सगळ्या मॅच इथं ब्रिस्बेनमध्ये एकाच स्टेडियमवर, २०१९ पासून) कुणाची तरी घरची मॅच जातेच, लास वेगासला पहिल्या राउंडला जाणाऱ्यांची पण जाते. त्यांना कागदावर अकरा म्हणजे हातात दहा. हे पैसे टीव्हीच्या नव्या करारातून भरून द्यावे लागतील, नाहीतर मतदानात पडेल.

मोकळ्या वीकेंडचा अजून एक फायदा कुणी बोललं नाही. २०२३ पासून इथं नियम आहे, डोक्याला मार लागून कन्कशन निघालं की साधारणपणे ११ दिवस मैदानात यायचं नाही. म्हणजे पुढच्या आठवड्याची मॅच गेलीच. मोकळा आठवडा मध्ये आला तर त्याची एकही मॅच जात नाही, आणि मॅच जाणार नाही म्हटल्यावर डोकं दुखतंय हे लपवायची गरज पण कमी होते. माझ्या मते दोन मॅच कमी करण्यापेक्षा हे मोठं आहे.

पंच_अंबाजोगाई

हे आपल्याकडं तर विचारूच नका. मॅटवर पडलेला पोरगा चक्कर येतीया म्हणला की मागून आवाज येतो, पाणी मार तोंडावर. असो.

आता शेजारी ठरवा. प्रत्येकाला दोन म्हणजे साखळीच्या कड्या जुळल्यासारखं, गोल बंद झाला पाहिजे. क्वीन्सलँडचे चार एका गोलात, ब्रॉन्कोज, डॉल्फिन्स, टायटन्स, काउबॉइज अन् परत ब्रॉन्कोज. उरलेले सहा, स्टॉर्म, वॉरियर्स, पापुआ न्यू गिनी, नाइट्स, रेडर्स, पर्थ अन् परत स्टॉर्म. पर्थ अन् वॉरियर्स मुद्दाम लांब ठेवलेत. सिडनीचे नऊ उदगीरकरांनी करावे. नंबरप्रमाणं येणारी जोडी शेजाऱ्याशीच लागली तर एक घर पुढं सरकायचं.

उदगीर_टू_ब्रिस्बेन

घ्या. रूस्टर्स, रॅबिटोज, बुलडॉग्स, ईल्स, पँथर्स, टायगर्स, सी ईगल्स, शार्क्स, ड्रॅगन्स आणि परत रूस्टर्स. रूस्टर्स-रॅबिटोज सगळ्यात जुनं वैर, ते हवंच.

जिंतूर_जंक्शन

ईल्स अन् सी ईगल्स शेजारी नाहीत? १९८२ अन् १९८३ लागोपाठ दोन फायनल ह्यांच्यातच झाल्या. अन् ईस्टर मंडेला ईल्स-टायगर्स असते तिचं काय? गुड फ्रायडेची रॅबिटोज-बुलडॉग्स तेवढी बसली.

गोदाकाठची

ईस्टरची मॅच वर्षातून एकदाच असते ना, तिला दोनदावाली जागा कशाला. सगळे सगळ्यांशी एकदा खेळतातच, ती एक मॅच ईस्टरला टाकायची. २५ एप्रिलच्या अँझॅक डेच्या (तिकडचा सैनिक स्मरणदिन) मॅचचं पण तसंच. तारीख पक्की करणं वेगळं अन् दोनदा खेळवणं वेगळं, हे दोन कॉलम मी शीटमध्ये वेगळे केलेत. राहिला प्रश्न सी ईगल्सचा. ईल्सचे दोनच शेजारी, बुलडॉग्स आणि पँथर्स धरलेत. सी ईगल्सना आणायचं तर ह्यातला एक काढा आणि सगळा गोल नव्यानं जुळवा. कोण काढू सांगा, आज रात्री शीट बंद करतेय.

लातूर_पॅटर्न

बुलडॉग्स काढा. विषय संपला.

उदगीर_टू_ब्रिस्बेन

हे वाक्य सिडनीच्या पश्चिम भागात उभं राहून म्हणून दाखव भावा, तिकीट मी काढतो.

बीड_बायपास

एकीकडचं का येण्या-जाण्याचं?